सातबारावर लेकीचं आणि विधवा सुनेचं नाव कसं लावायचं

वडील गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत घरातला कर्ता भाऊ तलाठी भाऊसाहेबांकडे वारस नोंदीचा अर्ज देतो. त्या एका कागदावर किती नावं लिहिली गेली, यावर बहिणींचं आणि आईचं पुढचं बरंच काही ठरतं. त्या वेळी नाव लागलं तर खर्च किरकोळ झेरॉक्सचा आणि वेळ महिना-दीड महिन्याचा. त्या वेळी राहून गेलं तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील, मग दिवाणी कोर्ट, आणि त्यात मुलांची लग्नं होऊन जातात. म्हणून ही माहिती तंटा सुरू होण्याआधीच वाचून ठेवा.

सन २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण खातेदारांमध्ये बायकांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं. पेरणीपासून वेचणीपर्यंत निम्म्याहून जास्त काम ज्या करतात, त्यांचं नाव उताऱ्यावर नाही. आणि नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, पीकविमा नाही, शेतकरी ओळखपत्र नाही. रस्त्यात किंवा धरणात जमीन गेली, तर भूसंपादनाचा मोबदलाही आधी उताऱ्यावर ज्यांची नावं त्यांनाच मिळतो.

हक्क नेमका किती

इथलं सगळं विवेचन हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असलेल्या कुटुंबांपुरतं आहे. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही. मात्र आदिवासी स्त्रीला केवळ ती स्त्री आहे म्हणून वाटा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा चालतो, त्यामुळे तिथली पद्धत निराळी.

पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची बायको, आई, प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस. सगळ्यांचा वाटा सारखा. मुलीचं लग्न झालंय का, कधी झालं, हुंडा दिला होता का, लग्नाचा खर्च कोणी केला, याचा वाट्याशी काही संबंध नाही.

वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मतःच मुलासारखी सहदायाद, म्हणजे हिस्सेदार असते. महाराष्ट्राने ही दुरुस्ती २२ जून १९९४ पासून केली होती, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. देशभराची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि ती अट गेली. तरीही ‘तुझे वडील २००५ च्या आधी वारले, तुला काही मिळत नाही’ असं गावोगाव सांगितलं जायचं. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला: वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. अडचण एकच. २० डिसेंबर २००४ च्या आधी जमीन विकली गेली असेल, किंवा नोंदणीकृत दस्ताने वा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालं असेल, तर ते उकरून काढता येत नाही. ‘तोंडी वाटणी कधीच झालीय’ एवढ्या बोलण्याने मात्र मुलीचा हक्क जात नाही. सरकारी कागदांतून ती वाटणी स्पष्ट दिसावी लागते.

आकड्यांत बघू. वडिलांच्या नावे २ हेक्टर ४० आर जमीन, म्हणजे सहा एकरांच्या आसपास. मागे आई, एक मुलगा, दोन मुली. स्वकष्टार्जित असेल तर चार सारखे वाटे, प्रत्येकी ६० आर. वडिलोपार्जित असेल तर आधी वडील, आई, मुलगा आणि दोन मुली असे पाच वाटे धरायचे, मग वडिलांचा पाचवा हिस्सा उरलेल्या चौघांत वाटायचा. उत्तर पुन्हा प्रत्येकी ६० आरच. हिशेब लांबचा वाटतो, पण साध्या कुटुंबात शेवट बहुधा सारखाच होतो. आजी हयात असेल तर तिचाही वाटा निघतो, आणि तिचं नाव घ्यायचं हमखास विसरतात.

दुसरी हमखास होणारी चूक मयत बहिणीची. बहीण वडिलांच्या आधी वारली असेल, तर तिची मुलं आजोबांची वारस असतात, तिचा नवरा नसतो. वडिलांच्या नंतर वारली असेल, तर तिचा वाटा आधीच तिचा झालेला असतो आणि तो तिची मुलं आणि नवरा यांच्याकडे जातो. ‘ती आता नाहीच’ म्हणून ती ओळ कोरी सोडायची नाही.

स्वकष्टार्जित जमीन, आणि वडिलोपार्जितमधला स्वतःचा हिस्सा, वडील मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. भावाने मृत्युपत्र पुढे केलं तर घाबरून गप्प बसू नका. त्याची प्रत मागा, तारीख आणि साक्षीदार बघा, आणि शंका असेल तर नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत द्या.

उतारा वाचता आला पाहिजे

सही असलेला डिजिटल सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत निघतो. एक गट बघून थांबू नका. आधी ‘आठ-अ’ काढा, म्हणजे त्या गावात वडिलांच्या खात्यावर किती गट आहेत ते एका कागदावर दिसतं. वडिलांची दुसऱ्या गावात जमीन असेल, तर तिथला आठ-अ वेगळा काढावा लागतो. लांबच्या गावातला एखादा जिरायत तुकडा नोंदीतून सुटतो आणि पुढे तोच रस्त्यालगतचा म्हणून भाव खातो, असं फार वेळा घडतं.

सातबारावर भोगवटादाराचा, म्हणजे जमीन धारण करणाऱ्या खातेदाराचा रकाना असतो, त्यात नावं. नावापुढे कंसात फेरफाराचा, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा क्रमांक. उजवीकडे ‘इतर अधिकार’. आता नीट बघा: तुमचं किंवा आईचं नाव कुठल्या रकान्यात आहे? जुन्या काळी मुलांची नावं भोगवटादारात आणि आई-बहिणींची ‘इतर अधिकारात’ वारस म्हणून टाकायची पद्धत होती. बाईला वाटतं नाव लागलंय. कर्ज काढायला बँकेत गेली की कळतं, ती खातेदारच नाही. असं असेल तर नाव भोगवटादार सदरी घेण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करा, सोबत मूळ वारस फेरफाराची नक्कल जोडा.

मोठ्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सगळ्यांची, कागदावर मात्र एकटाच. ही नोंद कमी करून सर्व वारसांची नावं लावता येतात, आणि महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीत त्यासाठी वेगळा अर्जप्रकार आहे.

वारस नोंद: अर्जापासून उताऱ्यापर्यंत

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण तीन महिन्यांत केलेलं काम सोपं जातं. अर्ज एकट्या भावानेच करावा असं कुठेही नाही. मुलगी, आई, सून, कोणीही वारस अर्ज करू शकतो. सगळ्यांच्या सह्यांची वाट बघायचीही गरज नाही. फक्त अर्जात सगळ्या वारसांची नावं पाहिजेत, स्वतःचं एकटीचं नाही.

कागद असे: मृत्यूचा दाखला, सगळ्या गटांचे सातबारा आणि आठ-अ, प्रत्येक वारसाचं आधार, रेशन कार्ड, आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र. या शेवटच्या कागदात मयताचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि मग प्रत्येक वारस: नाव, वय, मयताशी नातं, पत्ता, मोबाइल. बहिणीचा पत्ता सासरचा लिहा आणि मोबाइल तिचा स्वतःचा लिहा. भावाचाच नंबर सगळ्यांपुढे टाकला की पुढचा प्रत्येक निरोप भावाकडेच जातो.

नुसत्या नोंदीसाठी कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा तो दाखला वारस कोण यावरच वाद असेल तेव्हा कामाला येतो. कुणी सरसकट ‘कोर्टाचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवत असेल, तर अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या आणि नकाराचं कारण लेखी मागा.

अर्ज दोन प्रकारे देता येतो. तलाठी कार्यालयात (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) हातोहात, किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन. शहरात किंवा लांब सासरी राहणाऱ्या मुलीला ऑनलाइनच बरं, कारण अर्जाला क्रमांक मिळतो आणि तो ‘मिळालाच नाही’ असं म्हणता येत नाही. सन २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या वारस नोंदींसाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली गेली. अशी मोहीम गावात आली की आजोबांच्या नावावर अडकलेली नोंदसुद्धा लावून घ्या.

पुढचा क्रम असा. तलाठी गाव नमुना ६क या वारस नोंदवहीत नोंद घेतो आणि गावात चौकशी करतो. मग नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते आणि चावडीवर लागते. हरकतीला १५ दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं, सुनावणी होते.

यात लक्ष ठेवायची जागा म्हणजे ते १५ दिवस. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गाव निवडलं की चालू फेरफार घरबसल्या दिसतात. वडील वारले असतील आणि भावाशी बोलणं झालं नसेल, तर दर आठवड्याला एकदा गावाचं पान उघडून बघा. आपलं नाव नसलेला वारस फेरफार दिसला, की त्याच दिवशी मंडळ अधिकाऱ्याच्या नावे साध्या कागदावर हरकत लिहा: फेरफार क्रमांक, गट क्रमांक, ‘मी मयताची मुलगी असून माझं नाव वगळलं आहे’, सोबत शाळा सोडल्याचा दाखला. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

माहेरचं नाव, सासरचं नाव

सर्वात जास्त अर्ज अडतात ते इथे. शाळेच्या दाखल्यावर ‘सुमन गणपत’, आधारवर ‘सुमन रामदास’, आणि काही घरांत लग्नात नावही बदललेलं, म्हणजे सासरी ती ‘वैशाली’. तलाठ्यापुढे आलेले दोन कागद दोन वेगळ्या बायकांचे दिसतात. तो अर्ज बाजूला ठेवतो, आणि घरच्यांना नाव गाळायला ते निमित्त पुरतं.

उपाय तीन कागदांचा. शाळा सोडल्याचा दाखला वडिलांशी नातं दाखवतो. विवाह नोंदणी दाखला दोन्ही नावं जोडतो. तो नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. शाळेतच गेली नसेल, तर जन्म नोंद, वडिलांच्या जुन्या रेशन कार्डावरचं नाव, किंवा पोलीस पाटलाचा आणि सरपंचाचा दाखला. अर्जात नाव असं लिहा: ‘वैशाली रामदास अमुक, लग्नापूर्वीचे नाव सुमन गणपत तमुक’. आधार आणि बँक खातं ज्या नावाने आहे, तेच नाव उताऱ्यावर पुढे येऊ द्या. नाही तर पुढे विम्याचे आणि अनुदानाचे पैसे अडकतात.

हक्कसोड: कुठली सही, कुठला अंगठा

बहिणीचा हक्क जातो तो बहुतेक वेळा कायद्याने नाही, तिच्याच सहीने जातो. ‘ताई, नोंद लवकर व्हायला तुझी सही लागते, चल जरा तालुक्याला.’ दुपारी जेवण होतं, साडीचोळी होते, आणि ती परत येते तेव्हा तिचा वाटा संपलेला असतो.

ओळखायची खूण पक्की आहे. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे रजिस्ट्री कार्यालयात कधीच जावं लागत नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला जातोय, यंत्रावर अंगठा घेतला जातोय, दोन ओळखदार उभे आहेत, तर तो वारसाचा अर्ज नव्हे. तो दस्त आहे. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र, यांपैकी काहीतरी. तिथेच थांबा, दस्त वाचून दाखवायला सांगा आणि शीर्षक बघा. दुय्यम निबंधकही विचारतो, ‘दस्त मान्य आहे का, समजला आहे का?’ त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ‘नाही’ म्हटल्यावर नोंदणी पुढे जात नाही.

साध्या स्टँप पेपरवर घेतलेली सही, किंवा तलाठ्यापुढचा ‘मला हिस्सा नको’ असा जबाब, याने जमिनीवरचा हक्क सुटत नाही. हक्कसोड नोंदणीकृतच लागतं. उलट, नोंदणी झालेलं हक्कसोड मोडणं फार अवघड. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा करावा लागतो, आणि फसवणूक सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

विचार करून, मनापासून कुणाला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय. पण वारस नोंदीच्या धांदलीत तो घेऊ नका. आधी नाव लागू द्या. मग वर्षाने, दोन वर्षांनी, डोकं शांत असताना ठरवा. हक्कसोड भावाच्याच नावे केलं पाहिजे असं नाही, सहहिस्सेदार असलेल्या आईच्या नावेही होतं.

‘नाव लावलंस तर माहेर तुटेल’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकीला ऐकावं लागतं, आणि ते जिव्हारी लागतं. भावाशी बोलताना एक फरक स्पष्ट सांगा. नाव लावणं म्हणजे वाटणी मागणं नव्हे. नाव लागलं तरी भाऊ तीच जमीन कसतो, बांध पडत नाही. मात्र नाव असलेल्या सगळ्यांच्या सहीशिवाय सगळी जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नाही. प्रत्यक्ष वाटप हा वेगळा टप्पा आहे, तो जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने किंवा मग कोर्टातून होतो. वाटपात तुकडेबंदी आड येते. बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० आर आणि बागायतीला १० आर हे किमान क्षेत्र आहे. नुसतं नाव लावायला ही अट लागत नाही. ‘तुकडा लहान होईल म्हणून नाव लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

विधवा सून

नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर तिचा अर्ज वरच्यासारखाच. पण खूप घरांत जमीन सासऱ्याच्या नावावर असते आणि मुलगा आधी जातो. मग तिला सांगतात, ‘तुझ्या नवऱ्याच्या नावावर काही नव्हतंच.’ हे अर्धसत्य आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा त्यात जन्मतःच हिस्सा होता, आणि तो तिला, मुलांना आणि सासूला मिळतो. जमीन सासऱ्याची स्वकष्टार्जित असेल, तर सासरे मृत्युपत्राशिवाय वारल्यावर आधी गेलेल्या मुलाची विधवा आणि मुलं मिळून त्या मुलाचा वाटा घेतात.

मुलं लहान असतील तर उताऱ्यावर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं नाव लागलं पाहिजे. बापाच्या मागे नैसर्गिक पालक आईच असते. तिथे काका किंवा आजोबांचं नाव टाकलेलं दिसलं तर लगेच हरकत घ्या. अज्ञान मुलाचा वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आईलाही नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की ‘अ.पा.क.’ शेरा कमी करायचा अर्ज द्या.

नवऱ्याकडून एकदा आलेला वाटा पुनर्विवाहाने जात नाही. तो ‘हयातीपुरता’ही नसतो. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ती पूर्ण मालक आहे.

नाव वगळून नोंद झालीच असेल तर

पहिलं काम कागद गोळा करण्याचं: प्रमाणित फेरफाराची नक्कल, ६क चा उतारा, मूळ अर्ज आणि त्यासोबतचं प्रतिज्ञापत्र. ‘आम्ही दोघे भाऊच वारस आहोत’ असं खोटं कोणी, कोणत्या तारखेला लिहून दिलं, ते त्यात सापडतं. पुढे तोच तुमचा सर्वात भक्कम पुरावा.

मग जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली प्रांतांकडे अपील. मुदत ६० दिवस. मुदत उलटली असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि फेरफार तुम्हाला कधी आणि कसा कळला ते तारखेसह लिहा. ‘मला माहीतच नव्हतं’ एवढं मोघम लिहिलेले अर्ज फेटाळले जातात. ‘अमुक तारखेला ऑनलाइन उतारा काढला तेव्हा कळलं’ असं लिहा, आणि त्या तारखेचा उतारा जोडा. महसुली नोंद म्हणजे मालकी नव्हे. नोंदीत नाव नसलं तरी हक्क शाबूत असतो.

जमीन विकायच्या हालचाली दिसल्या तर अपिलावर विसंबू नका. वाटपाचा दिवाणी दावा आणि तूर्तातूर्त मनाई एकाच वेळी मागा, आणि दाव्याची लिस पेंडन्स नोटीस, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी सूचना, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. एकत्र मालमत्तेतून आपल्याला वगळलं आहे हे कळल्यापासून दाव्याला १२ वर्षांची मुदत असते. खर्चाची धास्ती असते, पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन १५१००. महाराष्ट्रात स्त्री पक्षकारांना मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफीची १९९४ ची अधिसूचना आहे. दावा दाखल करताना वकिलाला ती सवलत मागायला सांगा.

नवरा हयात असतानाच

शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: नवऱ्याने आपणहून जमिनीत बायकोचं नाव लावायचं. १९९२ मध्ये शासनाने त्याच नावाने परिपत्रक काढलं आणि ते आजही वापरता येतं. अर्ज नवऱ्यानेच तहसीलदारांकडे करायचा, बायको परस्पर करू शकत नाही. जमीन भावांत वाटून त्याच्या स्वतंत्र नावावर आलेली हवी. तिचं नाव सहधारक म्हणून लागतं.

घराचंही असंच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घर दोघांच्या नावे करून घ्या.

उतारा हातात आला की तीन गोष्टी त्याच आठवड्यात: नव्या नावाने शेतकरी ओळखपत्र, त्या नावाशी जुळणारं बँक खातं, आणि प्रमाणित फेरफाराची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून सासरच्या कपाटात. माहेरच्या नको.